नीटसाठी रसायनशास्त्रातील गणितांचा सराव : एका वर्षाचा अनुभव

वैद्यकीय पदवी प्रवेशाची नीट-यूजी २०२५ ही परीक्षा ४ मे २०२५ रोजी झाली आणि १४ जूनला तिचा निकाल लागला. या परीक्षेसाठी मी एक वर्ष घरी थांबून, म्हणजे सर्वांच्या भाषेत 'रिपीटर' म्हणून, तयारी केली आणि त्या वर्षातला मोठा वाटा रसायनशास्त्रातील गणितांना दिला. जीवशास्त्रासाठी काय करायचे हे प्रत्येक जण सांगतो, भौतिकशास्त्राच्या शिकवण्या गल्लोगल्ली आहेत; परंतु मोल (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक), तीव्रता, समतोल, विद्युतरसायन आणि अभिक्रियांचा वेग यांवरची उदाहरणे कोणत्या क्रमाने घ्यावीत, किती वेळ एका उदाहरणाशी झुंजावे आणि कधी ते सोडून द्यावे, हे नेमकेपणाने सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. 'सराव करा' एवढ्यावर सल्ला संपतो. म्हणून हा सराव महिन्यांच्या क्रमाने कसा होत गेला ते मधल्या अर्ज, शुल्क आणि प्रतीक्षेसह लिहीत आहे.

सुरुवातच अनिश्चिततेत झाली. २०२४ च्या परीक्षेचा निकाल ४ जूनला आला आणि त्यानंतर कित्येक आठवडे फेरपरीक्षा होणार की नाही याचीच चर्चा चालू राहिली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास नकार दिला आणि त्यानंतर सुधारित निकाल लागला. त्या काळात घरात रोज कोणी ना कोणी विचारत असे की, आता पुढे काय. आणि उत्तर नसताना वही उघडून बसणे फार अवघड जाते. मी तेव्हा एकच काम हाती घेतले, ते म्हणजे अभ्यासक्रमाची छाननी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलेला अभ्यासक्रम छापून घेतला. त्यात रसायनशास्त्राचे २० घटक आहेत, त्यांपैकी पहिले आठ भौतिक रसायनाचे, आणि या आठांपैकी रासायनिक बंध वगळला तर उरलेल्या सातांत कमी-अधिक आकडेमोड आहे.

ही छाननी कंटाळवाणी वाटते, पण राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी ती टाळू नये. आपल्या बारावीच्या पुस्तकातले पहिलेच प्रकरण घन अवस्थेचे आहे. मंडळाच्या परीक्षेला ते लागते, मात्र नीटच्या सध्याच्या अभ्यासक्रमात ते नाही. द्रव्याच्या अवस्था आणि पृष्ठ रसायन हे भागही २०२४ पासून गळाले आहेत. बाजारातल्या जाडजूड प्रश्नसंचांच्या जुन्या आवृत्त्यांत हे सर्व असतेच, त्यामुळे पुस्तक घेण्यापूर्वी त्याची अनुक्रमणिका आणि अभ्यासक्रमाचा कागद शेजारी ठेवून पाहावा. जुन्या आवृत्त्या वापरायला हरकत काहीच नाही, फक्त कोणती प्रकरणे ओलांडायची त्यांवर आधीच पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी. एक अपवाद लक्षात असू द्यावा : वायूंचे प्रकरण गेले असले तरी आदर्श वायूचे समीकरण मोलच्या आणि समतोलाच्या उदाहरणांत येतच राहते. एनसीईआरटीची पुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही तशाच मिळतात. सरावाच्या साहित्यावर माझा खरा खर्च झाला तो छपाईचा आणि कोऱ्या वह्यांचा.

जुलै आणि ऑगस्ट हे दोन्ही महिने मी मोल संकल्पनेवर घालवले. अकरावीच्या पहिल्या प्रकरणावर इतका वेळ घालवणे अनेकांना वाया गेल्यासारखे वाटेल, परंतु द्रावणे, विद्युतरसायन, समतोल, अगदी सेंद्रिय रसायनातील नायट्रोजनचे प्रमाण काढण्याची उदाहरणे, सर्व शेवटी मोलवरच येऊन थांबतात. या टप्प्यावर मी वेळ लावून प्रश्न सोडवत नव्हते. एका उदाहरणाचे चारही पर्याय कुठून आले असतील हे शोधायचे, असा नियम केला होता, आणि वर्षभरातली सर्वांत उपयोगी सवय तीच ठरली.

एक उदाहरण पूर्ण मांडते. ६.५ ग्रॅम जस्त १ मोलर तीव्रतेच्या १०० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले, तर प्रमाण तापमान व एक वातावरण दाबाला किती हायड्रोजन मिळेल? पर्याय आहेत ४.४८, २.२४, १.१२ आणि ०.५६ लिटर. जस्त जवळजवळ ०.१ मोल आहे आणि आम्लही ०.१ मोलच आहे. दोन्ही आकडे सारखे दिसले की मन लगेच २.२४ लिटरकडे धावते. परंतु जस्ताच्या एका मोलला आम्लाचे दोन मोल लागतात, म्हणजे आम्ल आधी संपते, निम्मे जस्त तसेच उरते आणि हायड्रोजन मिळतो ०.०५ मोल, म्हणजे १.१२ लिटर. आता उरलेले पर्याय पाहा : जो जस्त पूर्ण संपले असे धरेल त्याला २.२४ मिळेल, जो दोनने भागण्याऐवजी गुणेल त्याला ४.४८, आणि जो दोनदा निम्मे करेल त्याला ०.५६. याचा अर्थ, आपले उत्तर पर्यायांत सापडले म्हणजे ते बरोबर आहे असे मुळीच नाही. चुकीच्या वाटांची उत्तरेही तिथे आधीच मांडून ठेवलेली असतात. हे उमगल्यावर मी गणित हाती घेण्याआधी समीकरण संतुलित आहे का आणि आधी काय संपणार आहे, या दोन गोष्टी समासात लिहू लागले.

याच प्रकरणातला एक बारकावा : वायूच्या एका मोलचे आकारमान २२.४ लिटर धरायचे की २२.७ लिटर? दाब एक वातावरण असेल तर २२.४ आणि एक बार असेल तर २२.७. प्रश्नात दाब स्पष्ट दिलेला नसेल तर पर्यायांकडे पाहिल्यावर बहुधा कळते की प्रश्नकर्त्याने कोणता आकडा धरला आहे. यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरपासून प्रश्न आकडेमोडीचा झाला. नीटमध्ये कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉगची तक्तापुस्तिकाही नेता येत नाही. राज्य मंडळाच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरला लॉग टेबल वापरता येते, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा हात त्याला सरावलेला असतो आणि ते काढून घेतले की पीएच किंवा वेगस्थिरांकाचे साधे गणितही अडते. उपाय मात्र लहान आहे. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१ आणि ७ चा ०.८४५१ एवढे तीन आकडे पाठ असले की ४, ५, ६, ८, ९ यांचे लॉग जागच्या जागी काढता येतात. ५ साठी १ मधून ०.३०१० वजा केले की झाले. मी हे आकडे प्रत्येक दिवसाच्या पानावर वरती लिहीत असे, नंतर लिहिण्याची गरज उरली नाही.

आकडेमोड कमी करण्याची दुसरी रीत म्हणजे उत्तर कुठे पडेल याचा आधी अंदाज घेणे. समजा, प्रथम कोटीच्या अभिक्रियेचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ, ३० मिनिटे आहे आणि ९० टक्के अभिक्रिया पूर्ण व्हायला किती वेळ लागेल असे विचारले आहे. तीन अर्धायुकालांत, म्हणजे ९० मिनिटांत, ८७.५ टक्के पूर्ण होते. चार अर्धायुकालांत, म्हणजे १२० मिनिटांत, ९३.७५ टक्के. त्यामुळे उत्तर ९० आणि १२० च्या मध्ये, आणि तेही ९० च्या बाजूला असले पाहिजे. पर्यायांत ६०, १००, १३५ आणि ३०० असतील तर लॉगला हात न लावता १०० वर खूण करता येते. सूत्राने नेमके उत्तर ९९.७ मिनिटे येते. मात्र पर्याय ९६, १००, १०४ असे जवळजवळ असतील तर हा अंदाज पुरत नाही, म्हणून पर्यायांमधले अंतर पाहूनच कोणती रीत वापरायची ते ठरवावे. शिकवण्यांत सूत्रे भरपूर सांगतात, पर्यायांकडे आधी पाहायला क्वचितच कोणी शिकवते, आणि मला वाटते की वेळेचा सर्वांत मोठा अपव्यय इथेच होतो.

प्रश्नांतले दिलेले आकडेही बोलके असतात. ९६५, १९३ किंवा ४८२५ असा आकडा दिसला की तो फॅराडेच्या ९६,५०० ने (एक मोल इलेक्ट्रॉनांचा कूलोममधला विद्युतभार) सहज भागला जाणार हे ओळखावे. ९.६५ ॲम्पिअर विद्युतधारा १००० सेकंद वाहिली म्हणजे ९,६५० कूलोम, म्हणजे एक दशांश फॅराडे, म्हणून चांदी १०.८ ग्रॅम आणि तांबे साधारण ३.२ ग्रॅम, हे तोंडी व्हायला हवे. त्याचप्रमाणे ३०० केल्विनला वायुस्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार सुमारे २.५ किलोज्यूल येतो, हे लक्षात असले की ऊष्मागतिकीतील बरीच उदाहरणे हलकी होतात.

ऊष्मागतिकीवरून आठवले : या घटकात संकल्पनेपेक्षा एककेच अधिक गुण खातात. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये देण्याची प्रथा आहे. एन्थाल्पीतील बदल ४० किलोज्यूल आणि एन्ट्रॉपीतील बदल १०० ज्यूल प्रति केल्विन असेल तर अभिक्रिया ४०० केल्विनच्या वर स्वयंस्फूर्त होते. एकक न बदलता भागाकार केला तर ०.४ येते. असे हास्यास्पद उत्तर आले तर निदान थांबता तरी येते, धोका असतो तो उत्तर वाजवी दिसते तेव्हा.

ऑक्टोबरच्या अखेरीस दिवाळीत सराव मंदावला आणि नंतरचे काही आठवडे मला खरोखर कंटाळा आला होता. बरोबरीचे सर्व जण महाविद्यालयांत रुळले होते, त्यांचे फोटो येत होते, आणि माझ्यासमोर आम्ल-आम्लारी समतोलाची तीच ती पाने होती. समतोल हा घटक वेळखाऊ आहे हे खरेच. त्यात बफर, विद्राव्यता गुणाकार आणि समान आयन परिणाम एकमेकांत मिसळलेले असतात. त्या दिवसांत मी नवीन उदाहरणे घेणे थांबवले आणि आधीच सोडवलेली उदाहरणे उत्तर झाकून पुन्हा केली. गती कमी झाली, पण वही बंद पडली नाही, एवढे त्या महिन्यात पुरेसे होते.

डिसेंबरपासून सराव चाचण्या सुरू झाल्या. प्रत्येक चाचणीनंतर हुकलेल्या प्रश्नापुढे मी कारण लिहीत असे : वाचन, एकक, सूत्र की आकडेमोड. सूत्रांचा रकाना सर्वांत लांब होईल अशी माझी अपेक्षा होती, पण भरत गेला तो वाचनाचा. द्रावण आणि द्रावक यांतला फरक हे त्याचे नमुनेदार उदाहरण. वस्तुमानाने १८ टक्के ग्लुकोजच्या द्रावणाची मोलॅलिटी, म्हणजे एक किलोग्रॅम द्रावकामागे विरघळलेल्या पदार्थाचे मोल, विचारली असेल, तर १८ ग्रॅम ग्लुकोज १०० ग्रॅम द्रावणात आहे, म्हणजे पाणी ८२ ग्रॅमच आहे. ग्लुकोज ०.१ मोल, भागिले ०.०८२ किलोग्रॅम, उत्तर सुमारे १.२२. पाणीच १०० ग्रॅम धरले तर नेमके १ येते, आणि सरळ आकडा आला की उत्तर बरोबर असणार असे वाटते. हा रकाना समोर आल्यावर मी जास्त प्रश्न सोडवण्याचा हट्ट सोडला आणि प्रश्नातील एककांखाली व 'नाही' या शब्दाखाली रेघ ओढण्याचा सराव केला. ऐकायला हे बाळबोध वाटते, परंतु थकलेल्या डोक्याला असलीच कामे जमतात.

२५ जानेवारी २०२५ ला ही परीक्षा घेणाऱ्या एनटीए या संस्थेची सूचना आली की, पर्यायी प्रश्न आणि जादा वेळ बंद. आधी २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत आणि २०० मिनिटे मिळत; आता १८० प्रश्न आणि १८० मिनिटे. रसायनशास्त्राचे ४५ प्रश्न, सर्व अनिवार्य. याचा थेट परिणाम गणितांवर होतो, कारण पूर्वी लांबलचक आकडेमोडीचा प्रश्न पर्यायात सोडून देता येत असे. मी तेव्हा ठरवले की दीड मिनिटात वाट दिसली नाही तर प्रश्नाला गोल करून पुढे जायचे आणि उरलेल्या वेळात परत यायचे. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा, या हिशेबाने चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद होत असतील तर उत्तर देणे सरासरीने फायद्याचेच ठरते. अगदी डोळे झाकून मारलेल्या उत्तरालाही सरासरीने पाव गुण मिळतो, हे गणित कागदावर खरे आहे, परंतु सरासरी अनेक प्रयत्नांची असते आणि आपली परीक्षा एकच, हेही विसरू नये.

अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च २०२५ या काळात भरायचा होता. शुल्क सर्वसाधारण प्रवर्गाला १,७०० रुपये, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि नॉन-क्रीमीलेअर ओबीसी प्रवर्गाला १,६०० रुपये, आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांना १,००० रुपये होते. पासपोर्ट आकाराचा आणि पोस्टकार्ड आकाराचा असे दोन्ही फोटो, सही, दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे, दहावीचे प्रमाणपत्र आणि पत्त्याचा पुरावा स्कॅन करून चढवावा लागतो. फोटोची पार्श्वभूमी पांढरी हवी आणि कान दिसायला हवेत. पोस्टकार्ड फोटोच्या प्रती जास्तच काढून ठेवाव्यात, कारण परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रासोबतच्या नमुन्यावर तो चिकटवायचा असतो. बारावीच्या विद्यार्थ्यांची लेखी परीक्षा त्या वर्षी ११ फेब्रुवारीला सुरू झाली, म्हणजे अर्ज ऐन परीक्षेत आला. त्यांनी कागदपत्रे जानेवारीतच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवलेली बरी. दुरुस्तीसाठी ९ ते ११ मार्च एवढीच मुदत होती.

एप्रिलमध्ये नवीन उदाहरणे पूर्ण बंद केली आणि दुपारी दोन ते पाच या वेळेतच संपूर्ण पेपर सोडवले. जेवणानंतरच्या त्या वेळेत पहिला तास डोळे जड होतात, त्याची सवय करावीच लागते. परीक्षेच्या शहराची माहिती २३ एप्रिलला आणि प्रवेशपत्र ३० एप्रिलला आले. शेवटच्या आठवड्यात फक्त चुकांचे रकाने आणि सूत्रांची पाने वाचली.

४ मेला दुपारी दीडनंतर प्रवेश बंद होता. पेन केंद्रावरच मिळाले. ओएमआर उत्तरपत्रिकेवरची वर्तुळे भरायला परक्या पेनची सवय नसते, म्हणून घरीही साध्या काळ्या बॉलपेननेच सराव केला होता. पेपरमध्ये १ ते ४५ भौतिकशास्त्र, ४६ ते ९० रसायनशास्त्र आणि ९१ ते १८० जीवशास्त्र असा क्रम होता. मी जीवशास्त्र आधी उरकले आणि मग रसायनशास्त्राकडे वळले. तिथे सेंद्रिय आणि असेंद्रिय प्रश्न पहिल्या फेरीत, गणिते दुसऱ्या फेरीत. गणिती प्रश्न मला आकडेमोडीने लांबलेले वाटले आणि एका क्षणी हात थंड पडले, हे लपवत नाही. परंतु गोल केलेले प्रश्न तिथेच सोडून पुढे जाण्याची सवय तेव्हा कामी आली. कच्चे काम प्रश्नपुस्तिकेतच करायचे असते. ते नीट, प्रश्नाशेजारी करावे, कारण पुस्तिका घरी नेता येते आणि नंतर उत्तरे पडताळायला तेच कच्चे काम उपयोगी पडते.

तात्पुरती उत्तरतालिका ३ जूनला आली. हरकतीसाठी प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत, त्यामुळे एनसीईआरटीतील नेमका आधार हाती असल्याशिवाय त्या भानगडीत पडू नये. ओएमआरची प्रतिमाही तेव्हाच पाहायला मिळते. पुस्तिकेवरच्या खुणा आणि ओएमआरवरच्या खुणा जुळतात का, हे आधी पाहावे. अंतिम उत्तरतालिका आणि निकाल दोन्ही १४ जूनला आले. मी पात्र ठरले. गुणपत्रकावर विषयवार पर्सेंटाइल वेगळे छापलेले असते. एकूण गुण समान असतील तर आधी जीवशास्त्राचे आणि त्यानंतर रसायनशास्त्राचे गुण पाहून क्रम ठरतो. पुढची नोंदणी दोन ठिकाणी करायची असते : अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या (एमसीसी) संकेतस्थळावर आणि राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे. निकालाची वाट पाहण्याच्या त्या दीड महिन्यात अधिवास, जात आणि नॉन-क्रीमीलेअर यांपैकी जे दाखले लागू असतील ते तहसीलमधून काढून ठेवले, तर नोंदणीच्या वेळी धावपळ होत नाही.